दारात उभा असलेला वसुलीवाला

सकाळी नऊच्या आधी नाही आणि संध्याकाळी सहानंतर नाही. गटाच्या छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ही वेळेची मर्यादा घालून दिली. टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यांवर हा नियम ठाऊक असलेली बाई शोधावी लागते. ठाऊक असली तरी पुढचा प्रश्न उरतोच, कारण भाताच्या लावणीत, भेंडीच्या तोडणीत किंवा मजुरीला गेलेली बाई नऊ ते सहा या वेळात घरी नसतेच. वसुलीवाल्यालाही हे माहीत असतं. म्हणून तो दिवेलागणीला येतो, मोटारसायकल अंगणात उभी करतो आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात हप्त्याचं विचारतो.

ही पुस्तिका त्या दिवेलागणीसाठी लिहिली आहे. वकिलांसाठी आणि अभ्यासकांसाठी मोठे ग्रंथ आहेत, त्यांत भर घालण्याचा हेतू नाही. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला काय विचारायचं, तो काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि त्याने मर्यादा ओलांडली तर कागद कुठे पाठवायचा, एवढंच तिला सांगायचं आहे. ही प्रस्तावना थोडी लांबली आहे, कारण नियम सांगण्याआधी इथलं कर्ज कसं असतं ते सांगणं मला गरजेचं वाटलं.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे आहे. पोलीस ठाणं गावातच आहे. दिवाणी न्यायालयासाठी मात्र मुरबाडला जावं लागतं आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी थेट ठाण्याला. म्हणजे हक्क मागायला निघालं की एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं आधी खिशातून जातं. मोठ्या शहरातल्या माणसाला कर्जवसुलीबद्दल जे सल्ले दिले जातात, त्यांत हा खर्च कुणी धरत नाही. इथे तो धरूनच बोलावं लागेल.

मुरबाड आणि शहापूर हे पावसाच्या भाताचे तालुके. भाताचं एक पीक हाती आलं की ते घरात खायला किती महिने पुरणार हे आधीच कळलेलं असतं. जून ते सप्टेंबर हे महिने ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबांना सगळ्यात जड जातात. घरातलं धान्य संपलेलं, शेतात काम भरपूर, आणि हाती पैसा नाही. याच महिन्यांसाठी सरकारची खावटी कर्ज योजना होती. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत ती चाले. २०२० साली, कोरोनाच्या काळात, खावटी कर्जाऐवजी अनुदान म्हणून जाहीर झाली. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले निम्मे खात्यात आणि निम्म्याचं धान्य-किराणा. चार महिन्यांच्या उपासाला ही रक्कम किती पुरणार याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. उरलेली भूक भागवायला माणूस कुठेतरी हात पसरतोच. कुणी दुकानदाराकडे, कुणी सावकाराकडे, कुणी वीटभट्टीच्या मालकाकडे आणि गेल्या काही वर्षांत फायनान्स कंपनीच्या गटाकडे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. घेतलेलं कर्ज फेडायचं असतं. ही पुस्तिका हप्ता बुडवण्याच्या युक्त्या शिकवत नाही आणि तशा युक्त्या विकणाऱ्यांपासून दूर राहा असंच सांगते. कर्जमाफी मिळवून देतो म्हणून बायांकडून दोनशे-पाचशे रुपये गोळा करणारे लोकही या भागात फिरतात. गटाचं कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी एक काम खरोखर केलं, हेही मान्य करायला हवं. जिच्या नावावर जमीन नाही, दागिना नाही, जामीनदार नाही, तिच्या हातात त्यांनी तीस-चाळीस हजार रुपये ठेवले. बँकेच्या शाखेत तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. माझा आक्षेप कर्ज देण्याला नाही. फेड थांबली की कर्जदाराच्या अब्रूला हात घालायचा, ही जी वसुलीची रीत बनली आहे, तिला आहे.

ही रीत नवी नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांचा अहवाल सरकारला दिला. ठाणे जिल्ह्यातल्या लग्नगड्यांची हकिगत त्यात आहे. लग्नासाठी थोडे पैसे उचलायचे आणि मग नवरा-बायकोने सावकाराच्या शेतावर राबत राहायचं. हिशोब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा फक्त सावकार. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ही माणसं मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. त्याच्याही आधी, माळशेजच्या वरच्या अंगाला पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात त्याची सुरुवात झाली. त्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला आणि रोख्याच्या मागे खरा व्यवहार काय झाला ते तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. त्या शेतकऱ्यांना कागद जाळावा लागला, कारण तो एकाच बाजूच्या हातात होता. आज कायद्याने त्या कागदाची प्रत आपल्याला देणं बंधनकारक केलं आहे, पण ती आपण मागत नाही.

भाई कोतवालांचं नाव इथे घेतलं पाहिजे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, हे इथल्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण कोतवाल वकील होते, आणि शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या होत्या, ही गोष्ट २ जानेवारीच्या भाषणांत क्वचितच निघते. या मातीत कर्जाच्या प्रश्नावर काम करण्याची परंपरा आहे आणि ही पुस्तिका त्याच वाटेवरची आहे असं मी मानतो.

आता मुद्द्याकडे येतो. वसुलीला आलेला माणूस दारात दिसला की सगळ्यांत आधी ओळखायचं ते हे की तो कुणाचा आहे. इथल्या घरांवर तीन वेगवेगळ्या सावल्या पडतात आणि तिघांना तीन वेगळे कायदे लागू होतात. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम. खासगी सावकार असेल तर राज्याचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा. भट्टीमालकाचा मुकादम असेल तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा. यांत गल्लत झाली की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि तिथेच पडून राहतो. सावकारी कायद्याखाली फायनान्स कंपनीची तक्रार घेऊन सहायक निबंधकाकडे गेलेली बाई हात हलवत परत येते, कारण रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे.

गटाच्या कर्जाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आज सगळ्यांत जास्त घरं त्यात अडकलेली आहेत. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला तारणाशिवाय दिलेलं कर्ज म्हणजे सूक्ष्म कर्ज, आणि गटाचं कर्ज त्यातच मोडतं. १४ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने त्यासाठी निर्देश काढले आणि १ एप्रिलपासून ते लागू झाले. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, हे बघण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. महिन्याला आठ हजार मिळवणाऱ्या घरावर तीन कंपन्यांचे मिळून सहा हजारांचे हप्ते बसले असतील, तर नवीन कर्ज देणाऱ्याने नियम मोडला आहे. “तुम्हीच सही केलीत ना?” असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आजवर प्रत्येक थकलेल्या हप्त्याचा दोष बाईच्या अंगावर टाकला गेला. देणाऱ्यानेही मोजमाप करायला हवं होतं, हे या नियमाने स्पष्ट शब्दांत सांगितलं.

याच निर्देशांत वसुलीच्या जागेचाही नियम आहे. हप्ता कुठे द्यायचा ती जागा कर्जदार आणि कंपनी यांनी मिळून ठरवायची. दोन किंवा अधिक वेळा लागोपाठ कर्जदार त्या जागी आली नाही, तरच माणसाला तिच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. सुरुवातीला जी अडचण सांगितली तिचा मार्ग इथे आहे. नऊ ते सहा बाई घरी नसते हे खरं, पण जागा ठरवताना तिला बोलता येतं. बाजाराच्या दिवशी, सगळ्याजणी एकत्र असतात अशा वेळी, पाड्याच्या समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर असं तिने सांगायला हवं आणि ते कर्जाच्या कार्डावर लिहून घ्यायला हवं. एरवी गटाने जमण्याची, म्हणजे सेंटरची, जागा आणि वेळ कंपनीचा माणूस ठरवतो आणि सगळ्याजणी मान डोलावतात.

शिवीगाळ आणि धमकी, पुन्हा पुन्हा फोन, नातेवाइकांना, मैत्रिणींना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणं, मारहाण किंवा मारहाणीची भीती, कर्ज किती आहे आणि न फेडल्यास काय होईल याबद्दल खोटं सांगणं, या सगळ्याला या निर्देशांनी मनाई केली आहे. बाकीच्या किरकोळ कर्जांसाठी, म्हणजे मोटारसायकल, ट्रॅक्टर, वैयक्तिक कर्ज वगैरेंसाठी, १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात जवळपास तशीच मनाई आहे. तिथे फोनची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात आहे.

या यादीतल्या शेवटच्या मनाईकडे, खोटं सांगण्याच्या मनाईकडे, मी वाचकाचं लक्ष वेधतो. पाड्यावरची निम्मी वसुली त्यावर चालते. “उद्या पोलीस घेऊन येतो.” “घराला सील लावू.” “आधार बंद होईल, रेशन मिळणार नाही.” “बाईला आत टाकतील.” यातलं एकही वाक्य खरं नाही. हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे आणि टोकावडे पोलीस ठाण्याचं काम कंपनीचे पैसे वसूल करणं हे नाही. रेशन कार्डाचा आणि कर्जाचा संबंध नाही. दिवाणी न्यायालयाने पैशाचा हुकूमनामा दिला, तरी त्याच्या वसुलीसाठी बाईला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं सांगतं. त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये कशाकशावर जप्ती आणता येत नाही ते लिहिलं आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं. न्यायालयाचा बेलिफ ज्या हंड्याला हात लावू शकत नाही, तो हंडा कंपनीचा पोरगा उचलून नेतो तेव्हा तो वसुली करत नसतो, गुन्हा करत असतो.

तसंच एक खरं सांगितलं पाहिजे, नाहीतर ही पुस्तिका फसवी ठरेल. कर्ज घेताना सही केलेला चेक दिला असेल किंवा खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी दिली असेल आणि तो परत गेला, तर फौजदारी खटला होऊ शकतो. चेकबद्दल वकिलाची नोटीस आली की ती घेऊन १५ दिवसांच्या आत पैसे भरणं किंवा उत्तर देणं आवश्यक असतं. पोस्टमनला परत पाठवून काही साधत नाही. सिबिल खराब होतं हेही खरं, आणि त्याने पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. पण प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळवण्याचा हक्क आहे, आणि फेडलेलं कर्ज त्यात थकलेलं दिसत असेल तर ते दुरुस्त करून घेता येतं. लोकअदालतीच्या नोटिशीला मात्र घाबरायचं कारण नाही. हल्ली कंपन्या दाव्याआधीच्या तडजोडीसाठी अशा नोटिसा गठ्ठ्याने पाठवतात, आणि कागदावर न्यायालयाचं नाव बघून घरात रडारड होते. लोकअदालत म्हणजे तडजोडीची जागा. तिथे जाऊन हप्ते लहान करून मागता येतात, दंडव्याज सोडायला सांगता येतं, आणि पटलं नाही तर सही न करता परत येता येतं.

गटातल्या गटात जे घडतं त्यावर बोलायला सगळेच टाळतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणींना घरी जाऊ द्यायचं नाही. सेंटरच्या घरात रात्री नऊपर्यंत बसवून ठेवायचं. मग त्या नऊजणी उठून दहावीच्या दारात जातात आणि आयुष्यभराच्या शेजारणी एकमेकींच्या उण्यादुण्यावर येतात. वसुलीवाला बाहेर रस्त्यावर उभा असतो. त्याने कुणाला शिवी दिलेली नसते, पण शिवी देववलेली असते. एकमेकींची हमी घेणं करारात असू शकतं. त्यासाठी कुणालाही अडवून, कोंडून ठेवणं मात्र कुठल्याच करारात बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली तो गुन्हा आहे, मग कोंडणारा साहेब असो की सेंटरची प्रमुख. गटाच्या बायांनी हे एकत्र बसून वाचावं. हप्ता चुकवणाऱ्या बाईच्या घरी कुणी आजारी आहे का, कुणाची मजुरी अडकली आहे का, हे नऊजणींना कंपनीपेक्षा आधी माहीत असतं. त्यांनी तिच्या वतीने लेखी मुदत मागितली तर त्या गटाला काही अर्थ आहे.

कर्जदार बाईचा किंवा तिच्या नवऱ्याचा मृत्यू झाला तरी हप्त्यासाठी माणूस येतो. अशा वेळी आधी कार्ड बघायचं. बहुतेक गटकर्जांत विम्याचे पैसे सुरुवातीलाच कापलेले असतात. विमा असेल तर दावा दाखल करणं हे पहिलं काम. वारसांवर येणारी जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. काहीच मिळालं नसेल, तर मुलाच्या मजुरीतून आईचं कर्ज वळतं करून घेता येत नाही.

खासगी सावकाराची गोष्ट वेगळी. इथे शेकडा पाच, शेकडा दहा असे महिन्याचे दर चालतात. शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. राज्य सरकारने २०१४ साली ठरवलेले दर असे आहेत की शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराची चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे. आदिवासीची जमीन तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होऊच शकत नाही. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि १९८५ च्या आदेशाप्रमाणे मुरबाडची ७७ गावं त्यात येतात. या गावांच्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार एखाद्या ग्रामसभेने ठराव करून नीट वापरला, तर त्याचं मोल दहा पुस्तिकांहून जास्त असेल.

भट्टीची उचल हे या भागातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात क्रूर कर्ज. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आधी मुकादम कातकरवाडीत येतो, बयाणा देतो आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भिवंडी, कल्याण, शहापूरकडच्या भट्टीवर जातं, मुलंबाळं घेऊन. विटांचा हिशोब मे महिन्यात होतो आणि तो बहुधा मजुराच्याच अंगावर उलटा निघतो. उरलेली उचल पुढच्या हंगामावर. इथे एका गोष्टीबद्दल मनात शंका नको. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, मजुरी किमान वेतनापेक्षा कमी मिळते, मुलाला किंवा बायकोला अडकवून ठेवलं आहे, असं असेल तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने तसलं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवून टाकली. ते हप्त्याने फेडायचं नसतं, तडजोडीने कमी करून घ्यायचं नसतं. १९८२ पासून श्रमजीवी संघटना आणि विवेक पंडित यांनी ठाणे जिल्ह्यात हाच मुद्दा लावून धरला आणि वेठबिगारांची सुटका घडवून आणली. तक्रार प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची, आणि कातकरी कुटुंबाच्या बाबतीत अॅट्रॉसिटीचा कायदाही लागू होऊ शकतो हे त्या अर्जात लिहायचं.

मोबाईलवरच्या कर्ज अॅपबद्दल थोडक्यात. कल्याण-भिवंडीला कामाला जाणाऱ्या मुलांमध्ये हे प्रकार वाढले आहेत. कर्ज देणाऱ्या अॅपला फोनमधले नंबर आणि फोटो बघण्याची परवानगी मागता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे. बदललेले फोटो ओळखीच्यांना पाठवण्याची धमकी आली तर पैसे भरू नयेत, १९३० वर फोन करावा. घरच्यांनी त्या मुलाला एकटं सोडू नये.

वसुलीवाल्या पोराबद्दलही मला लिहायचं आहे. तो बहुधा मुरबाड, सरळगाव, किन्हवली असा जवळपासचाच असतो. बारावी झालेला किंवा बी.ए. अर्धवट सोडलेला. त्याच्या डोक्यावर रोजच्या वसुलीचा आकडा असतो आणि तो भरला नाही तर त्याचा पगार कापला जातो. त्याच्याशी भांडून, त्याची गाडी अडवून काही मिळणार नाही. मारहाण झाली तर गुन्हा उलट आपल्यावर दाखल होईल. त्याच्याशी नीट बोलायचं. “दादा, तुझं ओळखपत्र दाखव. कंपनीचं पत्र दाखव. माझ्या नावावर किती बाकी आहे ते लिहून दे.” ओळखपत्र आणि अधिकारपत्र जवळ ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि वसुली कुठल्या एजन्सीकडे दिली हे कर्जदाराला आधी कळवणं कंपनीवर. पैसे दिले की तिथल्या तिथे पावती. पावती नाही तर पैसे नाहीत. त्याने जे केलं त्याची जबाबदारी शेवटी त्याला पाठवणाऱ्या बँकेची किंवा कंपनीची असते. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुंड पाठवून वसुली करण्याच्या प्रकारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. एजन्सीने केलं, आम्हाला माहीत नाही, ही सबब चालत नाही.

तक्रारीची वाट लांब वाटते, पण तिचा बराचसा भाग टपालाने पार पडतो. पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचा नाव-पत्ता कार्डावर असतो. अर्जाची पोच किंवा रजिस्टरची पावती जपायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नोव्हेंबर २०२१ पासून बँका आणि बहुतेक मोठ्या फायनान्स कंपन्या यांच्यासाठी एकच लोकपाल योजना आहे. चंडीगडच्या केंद्राला साध्या कागदावर, मराठीत लिहिलेली तक्रार चालते. फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ साली झाला, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय दिली. म्हणजे कंपनी मुंबईची असो की चेन्नईची, टोकावड्याच्या बाईला ठाण्यातच न्याय मागता येतो. धमकी किंवा मारहाण झाली तर पोलीस ठाणं, आणि तिथे तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपाल. स्त्रिया आणि अनुसूचित जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुरबाडच्या न्यायालयात त्यासाठी अर्ज करता येतो, किंवा १५१०० वर फोन.

माझ्या मते या सगळ्याहून उपयोगी अर्ज वेगळाच आहे, आणि तो फार थोड्या बाया करतात. हप्ता चुकण्याच्या आधी करायचा अर्ज. पाऊस गेला, मजुरी अडकली, घरात बाळंतपण किंवा दवाखाना आला, अशा वेळी पुढचा हप्ता भरणं होणार नाही हे महिनाभर आधी कळतं. तेव्हाच लेखी कळवून मुदत वाढवून मागितली, तर पुढच्या प्रत्येक तक्रारीत तो कागद आपली बाजू मांडतो. कंपनीने नाही म्हटलं तरी आपण लपलो नव्हतो हे सिद्ध होतं. लाजेने गप्प बसलेल्या घराकडे असा कागद नसतो, आणि वसुलीवाल्याचा आवाज नेमका त्याच अंगणात चढतो.

पुस्तिकेत जे नाही तेही सांगतो. घर किंवा मोठी मालमत्ता गहाण ठेवून घेतलेल्या कर्जांची जप्ती, सोसायटीचं पीककर्ज आणि सरकारी कर्जमाफी यांचे नियम इथे घेतलेले नाहीत. त्यांच्यासाठी वकिलाचा किंवा सोसायटीच्या सचिवाचा सल्ला घ्यावा. रिझर्व्ह बँक आपले नियम अधूनमधून नव्याने काढते, तेव्हा अर्जात परिपत्रकाचा क्रमांक घालण्याआधी तो एकदा तपासून घ्यावा. पुस्तिकेच्या शेवटी अर्जांचे नमुने मोठ्या टायपात छापले आहेत: कंपनीकडे मुदत मागण्याचा, कंपनीकडे तक्रारीचा, लोकपालाकडे पाठवायचा आणि पोलीस ठाण्यात द्यायचा. जिला लिहिता येत नाही तिने पाड्यावरच्या शाळकरी मुलीकडून हवा तो नमुना भरून घ्यावा, अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही घ्यावी आणि पाठवण्याआधी कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.